गच्चीवरील ऊन आणि न्हाणीघरांतील पाणी



आंघोळीचें पाणी हा विषय भाषणास फारच किरकोळ आहे, असें कित्येकांस वाटेल. परंतु एक साधा हिशेब पाहा. ७५ वॅटचा पंखा दहा तास फिरला, तर त्यास पाऊण युनिट वीज लागते. तेवढीच वीज २,००० वॅटचा गीझर साडेबावीस मिनिटांत संपवितो. दिवा मालवला नाहीं म्हणून मुलांवर रागावणारे आपण, गीझरचें बटन दाबतांना क्षणभरहि विचार करीत नाहीं. म्हणून या नित्याच्या कामाकडे आज थोडें बारकाईनें पाहावें, असें मीं योजिलें आहे. मला सांगावयाचें आहे तें थोडक्यांत एवढेंच कीं, ज्या कामास मंद उष्णता पुरते, त्या कामास मंद उष्णताच वापरावी; आणि अशा उष्णतेचा रोजचा पुरवठा आपल्या गच्चीवर आयता येऊन पडत असतो.

प्रथम आपल्या जुन्या बंबाची आठवण करूं. तांब्याचा तो उंच बंब, त्याच्या मधोमध उभी नळी, नळींत गोंवऱ्यांचा किंवा कोळशाचा विस्तव, आणि नळीच्या सभोंवार पाणी. ही रचना कोणा कारागिराच्या बुद्धीची साक्ष देते. चुलीवर हंडा ठेवला, तर ज्वाळा त्याच्या बुडास चाटून बाजूंनीं निसटते व निम्म्याहून अधिक उष्णता वाऱ्यावर जाते. बंबांत विस्तवच पाण्याच्या पोटांत असल्यामुळें उष्णतेस निसटावयास वाट फार थोडी उरते. शिवाय बंबांतील कढत पाणी वर चढतें आणि थंड पाणी खालीं राहतें, म्हणून तोटींतून पाणी घेण्यापूर्वीं वरून नरसाळ्यांत थंड पाणी ओतण्याची पद्धत होती. उष्णता कोंडून ठेवणें आणि गरम पाण्याचा वर चढण्याचा स्वभाव ओळखणें, या दोन गोष्टी बंबानें आपणांस शिकविल्या. पुढें जें सांगणार आहें, त्याचा पाया याच दोन गोष्टींवर आहे.

आतां आपली गरज किती, तें मोजूं. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनें तापविण्यास जी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात; आणि एक युनिट वीज जळली म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. आंघोळीस १८ लिटरांची एक बादली धरूं. अंगास सोसेल असें पाणी सुमारें ४० अंशांचें असतें. नळाचें पाणी २४ अंशांचें आणि गरम पाणी ६० अंशांचें असेल, तर बादलीभर विसणलेल्या पाण्यांत गरम पाण्याचा वांटा केवळ ८ लिटर पडतो. उरलेले १० लिटर थंडच. म्हणजे चार माणसांच्या कुटुंबास एकेक बादलीप्रमाणें ३२ लिटर गरम पाणी झालें. त्यांत भांडीं, लहान मुलांचे कपडे, आजारी माणसाचें अंग पुसणें वगैरे धरून ७० लिटर म्हटलें, तरी हात आंखडावा लागणार नाहीं. हे ७० लिटर ३६ अंशांनीं तापविण्यास २,५२० किलोकॅलरी, म्हणजे सुमारें तीन युनिटें वीज लागेल. फवाऱ्याखालीं उभें राहून दहा मिनिटें आंघोळ करणारा मनुष्य मिनिटास ८ लिटरप्रमाणें ८० लिटर पाणी घालवितो, हेंहि येथेंच लक्षांत ठेवावें. बादली आणि तांब्या हें इंधन वांचविण्याचें पहिलें साधन आहे, व त्यास एक पैसाहि खर्च नाहीं.

हीं तीन युनिटें येतात कोठून? आपल्या प्रांतांतील विजेचा मोठा भाग अजून कोळशावर निघतो. चंद्रपूर किंवा कोराडी येथील औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून हजार अंशांहून अधिक तापमानाची ज्वाळा उत्पन्न करितात. तिनें पाण्याची वाफ करून ती पांचशें अंशांच्या वर तापवितात. वाफेनें चक्र फिरवितात व चक्रानें विद्युज्जनित्र. या खटाटोपांत कोळशाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांशाचीच वीज होते. बाकीची उष्णता धुराड्यावाटें आणि पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यांवाटें निघून जाते. मग ती वीज शेंकडों मैल तारांतून धांवत येते, वाटेंत कांहीं गळते, आणि शेवटीं आपल्या न्हाणीघरांत काय करिते? तर पाणीच तापविते! पाणी उकळून वीज करावयाची आणि त्या विजेनें पुन्हा पाणी कोमट करावयाचें, हा द्राविडी प्राणायाम नव्हे तर काय? दर युनिटामागें सुमारें ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तीन युनिटांच्या गरम पाण्यासाठीं दररोज दोन किलो कोळसा आपल्या नांवें खर्ची पडत असतो. तो आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं, एवढाच काय तो बंबांत व गीझरांत फरक.

वीज ही उच्च प्रतीची शक्ति आहे. तिनें दिवा लागतो, यंत्र चालतें, रुग्णालयांतील उपकरणें चालतात. तिच्याकडून चाळीस अंशांचें पाणी करवून घेणें म्हणजे सोन्याच्या नांगरानें कोद्र्याचें शेत नांगरण्यासारखें आहे. उलट उन्हाचें सामर्थ्य या कामास अगदीं जुळतें. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वर्षाच्या सरासरीनें दर चौरस मीटर जागेवर दिवसास पांच युनिटांइतकी उष्णता सूर्यापासून पडते. तींतून निम्मी जरी पकडतां आली, तरी दोन चौरस मीटरांच्या पेटींतून पांच युनिटें पदरांत पडतात. आपली गरज तर तीनच युनिटांची!

ऊन पकडावयाचें कसें? उन्हांत ठेवलेली काळी वस्तु पांढऱ्या वस्तूहून अधिक तापते, हें सर्वांस माहीत आहे. परंतु ती जितकी तापते तितकीच भोंवतालच्या हवेस उष्णता देऊन टाकते. यासाठीं तिच्यावर कांचेचें झांकण घालतात. कांचेंतून सूर्याचे प्रकाशकिरण सहज आंत जातात. परंतु तापलेल्या काळ्या पत्र्यांतून निघणारे उष्णतेचे किरण निराळ्या जातीचे असल्यामुळें कांच त्यांस बाहेर पडूं देत नाहीं, आणि वाराहि पत्र्यास लागत नाहीं. जिनीव्हा येथील द सोस्यूर या शास्त्रज्ञानें १७६७ सालीं अशा कांचेच्या पेट्यांचे प्रयोग आरंभिले, आणि पुढें पेटींतील तापमान पाणी उकळण्याच्या अंशाच्याहि वर नेऊन दाखविलें.

हल्लीं गच्च्यांवर जीं यंत्रें दिसतात, तीं दोन प्रकारचीं असतात. पहिला प्रकार सपाट पेटीचा. तींत काळ्या रंगाच्या तांब्याच्या पत्र्यास तांब्याच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात, वर जाड कांच आणि खालीं उष्णता अडविणारा लोंकरीसारखा थर असतो. दुसरा प्रकार कांचेच्या नळ्यांचा. या नळ्या दुपदरी असून दोन पदरांमधील हवा काढून घेतलेली असते. ही थर्मासचीच युक्ति होय. डेवर या शास्त्रज्ञानें ती १८९२ सालीं काढिली. थर्मासमध्यें ती चहाची उष्णता राखते, येथें उन्हाची राखते. शंभर लिटरांच्या यंत्रास सपाट पेटी सुमारें दोन चौरस मीटरांची एक लागते.

नळ्यांत तापलेलें पाणी टाकींत चढविण्यास पंपाची गरज नाहीं. साठ अंशांचें पाणी पंचवीस अंशांच्या पाण्याहून लिटरामागें सुमारें १४ ग्रॅमांनीं हलकें असतें. एवढ्या अल्प फरकानें गरम पाणी आपोआप वरच्या टाकींत चढतें आणि टाकीच्या तळचें थंड पाणी खालीं उतरून त्याची जागा घेतें. सूर्य आहे तोंवर हें रहाटगाडगें चालूं राहतें. बंबाचा जो स्वभाव मीं मघां सांगितला, तोच येथें चाकरीस लावलेला आहे. म्हणूनच आपल्या लोकांनीं या यंत्रास सौर बंब हें नांव दिलें, तें फार समर्पक आहे. मात्र यासाठीं टाकीचें बूड पेटीच्या माथ्याहून उंच असलें पाहिजे. नाहीं तर रात्रीं उलटा प्रवाह सुरू होऊन कमावलेली उष्णता आकाशांत जाईल.

टाकीचें महत्त्व एका जुन्या हकीकतीवरून चांगलें कळतें. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील क्लॅरन्स केम्प यानें १८९१ सालीं ‘क्लायमॅक्स’ नांवाच्या सौर बंबाचें पेटंट घेतलें. काळ्या रंगाच्या लोखंडी टाक्या त्यानें कांचेच्या पेटींतच ठेविल्या होत्या. दुपारीं पाणी उत्तम तापे; परंतु रात्रीं त्याच कांचेंतून उष्णता निघून जाई व सकाळीं पाणी गार. १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यानें टाकी उन्हांतून काढून वेगळी केली, तिला उष्णता राखणारें वेष्टण घातलें आणि तापविण्याच्या नळ्या तेवढ्या उन्हांत ठेविल्या. तेव्हांपासून कालच्या उन्हानें आजची सकाळची आंघोळ होऊं लागली. आपल्याकडे तर आंघोळीची वेळ पहांटेची व सकाळची. म्हणजे ही सुधारणा आपल्याचसाठीं झाली म्हणावयास हरकत नाहीं. पुढें कॅलिफोर्नियांत स्वस्त नैसर्गिक वायु मिळूं लागला आणि हे बंब मागें पडले. उलट इस्राएल देशानें इंधनाच्या टंचाईनंतर १९८० सालापासून नव्या घरांवर सौर बंब बसविणें कायद्यानें आवश्यक केलें, आणि आज तेथील बहुतेक घरांवर ते दिसतात. आपल्या शेजारीं बेंगळुरूंतहि २००७ सालीं नव्या मोठ्या घरांच्या वीजजोडणीस अशीच अट घालण्यांत आली. ऊन तिन्ही ठिकाणीं होतेंच. फरक पडला तो लोकांच्या निश्चयामुळें.

यंत्र बसवितांना दिशेचा विचार अवश्य करावा. पुण्याचे अक्षांश सुमारें साडेअठरा. मे महिन्याच्या मध्यास भर दुपारीं सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर चढतो. आतां गरम पाण्याची खरी निकड केव्हां? हिंवाळ्यांत. मे महिन्यांत तर नळाचेंच पाणी कोमट येतें. म्हणून पेटी दक्षिणाभिमुख ठेवून तिला अक्षांशाहून दहा ते पंधरा अंश अधिक, म्हणजे सुमारें ३० ते ३३ अंशांचा उतार द्यावा. असें केलें म्हणजे डिसेंबरांत दुपारचे किरण तिच्यावर जवळजवळ काटकोनांत पडतात, आणि आडव्या ठेवलेल्या पेटीहून सुमारें एक तृतीयांश ऊन अधिक मिळतें. उन्हाळ्यांत थोडें कमी मिळतें, पण त्याची खंत कोण करील? सकाळीं नऊपासून दुपारीं तीनपर्यंत शेजारच्या इमारतीची, पाण्याच्या टाकीची किंवा नारळाची सावली पेटीवर पडणार नाहीं, हें हिंवाळ्याच्या दिवसांत स्वतः गच्चीवर उभें राहून पाहावें. उन्हाळ्यांत पाहिलेली सावली फसवी असते.

आतां अडचणींकडे वळूं. कारण यंत्र विकणारा त्या सांगतोच असें नाहीं. पहिली अडचण जड पाण्याची. कूपनलिकेच्या पाण्यांत चुन्याचे क्षार असतात. पाणी तापलें कीं ते नळ्यांत बसतात. तांब्याच्या अरुंद नळ्या त्यांनीं हळूहळू बुजतात आणि दोन-तीन वर्षांतच पाणी तापेनासें होतें. जेथें पाणी जड, तेथें रुंद कांचेच्या नळ्यांचा प्रकार बरा, किंवा नळ्यांत निराळें मऊ पाणी फिरवून त्याच्या उष्णतेनें टाकींतील पाणी तापविण्याची रचना घ्यावी. कांचेच्या नळ्यांविषयीं एक सावधगिरी अशी कीं, रिकाम्या नळ्या भर उन्हांत तापलेल्या असतां त्यांत थंड पाणी सोडूं नये, त्या तडकतात. पाणी भरावयाचें तें सकाळीं अथवा सूर्यास्तानंतर. दोन्ही प्रकारांच्या कांचा पंधरा दिवसांतून एकदां धुवाव्या. धुळीचा थर म्हणजे उन्हावर ओढलेला पडदाच होय.

दुसरी अडचण लांब नळाची. पाऊण इंची नळांत दर मीटरास सुमारें एक तृतीयांश लिटर पाणी मावतें. गच्चीपासून न्हाणीघर वीस मीटर दूर असेल, तर सहा लिटर थंड पाणी निघून गेल्याशिवाय गरम पाण्याचें दर्शन होत नाहीं. म्हणून टाकी न्हाणीघराच्या जवळांत जवळ असावी, गरम पाण्याच्या नळास वेष्टण घालावें, आणि पहिलें थंड पाणी मोरींत न सोडतां बादलींत धरावें. विसणासाठीं तें लागतेंच. घरांतील सर्वांनीं एकामागून एक आंघोळी उरकल्या, तर नळांतील पाणी पुनः पुनः थंड होण्याचें कारण उरत नाहीं.

तिसरी अडचण पावसाळ्याची. आषाढ-श्रावणांत ओळीनें कित्येक दिवस सूर्य दिसत नाहीं, आणि कोंकणांत तर तो अनुभव अधिकच. त्या दिवसांसाठीं विजेची जोड ठेवावीच लागते. परंतु ती गच्चीवरील मोठ्या टाकींत बसविली, तर एका बादलीसाठीं शंभर लिटर पाणी तापतें. त्यापेक्षां न्हाणीघरांत लहान गीझर ठेवून सौर बंबाचें पाणी त्यांतून घ्यावें, म्हणजे ढगाळ दिवशींहि बंबांतून येणारें तीस-बत्तीस अंशांचें पाणी वाया न जातां पुढचे थोडे अंशच विजेवर पडतात.

येथें एका जिवावरच्या गोष्टीविषयीं सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य नाहीं. विजेचा खर्च टाळण्यासाठीं पुष्कळ घरांतून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आंतच बसविलेला असतो. बंद खोलींत ज्योत जळूं लागली म्हणजे हवेंतील प्राणवायु कमी होतो, ज्वलन अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक बळानें जखडला जातो. मनुष्यास गुंगी येते, आणि दार आंतून लावलेलें असल्यामुळें बाहेरच्यांस कळावयास उशीर होतो. अशा रीतीनें धडधाकट माणसें दगावल्याच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांत वारंवार वाचतों. गॅसचा गीझर असेल, तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत असावा. आंत असेल तर तो आजच हलवावा. खर्चाचा विचार याच्या मागून.

ज्यांचें स्वतःचें छप्पर नाहीं, त्यांनीं काय करावें? सहकारी गृहसंस्थेची गच्ची सर्वांची असते. ती एकानें अडविली तर तंटा होतो. संस्थेच्या सभेंत ठराव करून सर्वांसाठीं एकच सामाईक योजना करणें हाच सरळ मार्ग. उंच इमारतींत गच्ची लहान व घरें फार असतात; तेथें वरच्या मजल्यांनाच पाणी नीट पुरतें, हें आधींच स्पष्ट बोलून ठेवावें. ज्यांस तेंहि शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं उष्णता-पंप हें साधन आहे. शीतपेटी आंतली उष्णता बाहेर टाकते. हें यंत्र बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून पाण्यांत घालतें, आणि आपल्या उष्ण हवेंत एका युनिटांत सुमारें तीन युनिटांचें काम करितें.

२०२४ सालीं सुरू झालेल्या सरकारच्या सूर्यघर योजनेमुळें गच्चीवर वीज उत्पन्न करणाऱ्या पट्ट्या पुष्कळ दिसूं लागल्या आहेत, आणि मग सौर बंब कशाला, असें विचारलें जातें. या पट्ट्या पडलेल्या उन्हाच्या सुमारें एक पंचमांशाची वीज करितात. बंबाची पेटी निम्म्या उन्हाची उष्णता पाण्यांत उतरविते. ज्याची गच्ची लहान व गरज पाण्याची, त्यास तेवढ्याच जागेंत बंबच अधिक देईल. ज्यास जागा मुबलक आहे, त्यानें पट्ट्या अवश्य घ्याव्या, कारण त्यांची वीज कोणत्याहि कामास येते. दोन्हींत वैर नाहीं. जागा आणि गरज पाहून निवड करावी.

शेवटीं खर्चाचा मेळ. समजा, बंबास २५,००० रुपये पडले. वर्षांतून २६० दिवस तो चालला व रोज तीन युनिटें वांचलीं, तर ७८० युनिटें झालीं. युनिटास आठ रुपये धरले तर वर्षास ६,२४० रुपये, म्हणजे सुमारें चार वर्षांत भांडवल फिटतें; आणि नीट निगा राखली तर असा बंब पंधरा वर्षें सहज चालतो. आपल्या देयकावरील दर आणि दुकानांतील किंमत घालून हाच हिशेब प्रत्येकानें स्वतः करून पाहावा. जो मनुष्य एकटाच राहतो, किंवा वर्षाचे सहा महिने परगांवीं असतो, त्यास तो न परवडण्याचाहि संभव आहे; त्यानें उगीच भरीस पडूं नये. खरेदी करतांना भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा पाहावी. सपाट पेटीसाठीं १२९३३ या क्रमांकाचें मानक आहे. कांहीं नगरपालिका मिळकतकरांत सूटहि देतात. आपल्या गांवचा नियम कचेरींत विचारून घ्यावा.

पैशांच्या पलीकडचा हिशेबहि आहे. तीं ७८० युनिटें म्हणजे साडेपांच क्विंटल कोळसा. एका घराच्या आंघोळीसाठीं एवढा कोळसा खणावा, वाहावा व जाळावा, आणि त्याची राख व धूर चंद्रपूरच्या लेंकरांनीं सोसावा, हें ज्या देशांत वर्षांतून सुमारें तीनशें दिवस स्वच्छ ऊन पडतें, त्या देशांत शोभण्यासारखें नाहीं. तेव्हां प्रथम बादली, मग ऊन, आणि उरलें तर वीज, हा क्रम प्रत्येक घरानें मनाशीं ठरवावा. उद्यां सकाळीं ऊन पडलें म्हणजे एकदां आपल्या गच्चीवर जाऊन दक्षिण दिशा मोकळी आहे कीं नाहीं, तें पाहून यावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.